आईची पाणथरी (प्लीहा, स्प्लीन) वाढलीय, प्लेटलेट ४१ हजार. ऑपरेशन करून काढायची की नळी घालून एम्बोलायझेशन?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या, गेल्या महिनाभरात डोकंच चालेनासं झालंय.

आई ५८ वर्षांची, आम्ही कराडकडचे. तिला बारा वर्षांपासून शुगर आहे, बाकी ठणठणीत, पहाटे उठून सगळं काम करणारी बाई. सुरुवात झाली ती दाढेपासून. खालची दाढ किडलेली, रात्रभर ठणकायची, डेंटिस्टकडे नेलं तर त्यांनी काढायच्या आधी रक्त तपासायला सांगितलं आणि रिपोर्ट बघून हातच जोडले. प्लेटलेट ४१ हजार, पांढऱ्या पेशी २१००, हिमोग्लोबिन ९.२. म्हणाले मी हात लावणार नाही, आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आम्हाला वाटलं डेंगी असेल, पण ताप नाही की अंगदुखी नाही. मग सोनोग्राफी झाली, त्यात लिव्हर खडबडीत आणि पाणथरी १८ सेंटीमीटर. सिऱ्हॉसिस म्हणे, म्हणजे लिव्हर कडक होणं. माझी आई माळकरी आहे हो, दारूचा थेंब माहीत नाही, आणि हा शब्द ऐकल्यावर मावशीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काय रे, खरंच का?" काय सांगणार. फॅटी लिव्हरनेही होतो हे मलाच तेव्हा कळलं.

एंडोस्कोपीत अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा निघाल्या, एकदा बँडिंग झालंय, म्हणजे दुर्बिणीतून त्या शिरांना रबराचे बँड बांधलेत. रक्ताची उलटी कधीच नाही. पोटात पाणी नाही, कावीळ नाही, बिलीरुबिन १.४, अल्ब्युमिन ३.४.

आता गोंधळ असा की इथल्या सर्जन साहेबांचं म्हणणं पाणथरी जास्त काम करतेय, हायपरस्प्लेनिझम आहे, दुर्बिणीतून काढून टाकू, महिनाभरात प्लेटलेट नॉर्मल. पुण्यात दाखवलं तर तिथले म्हणाले कापाकापी कशाला, जांघेतून नळी घालून पाणथरीचा निम्मा रक्तपुरवठा बंद करू, पार्शल स्प्लेनिक एम्बोलायझेशन. काका म्हणतात एक घाव दोन तुकडे, काढून मोकळे व्हा. मावशी म्हणते वाढत्या वयात पोट फाडू नका. वडील काहीच बोलत नाहीत, नुसते फाईल घेऊन बसतात.

कोणी यातून गेलंय का? दोन्हीतलं काय बरं? मधुमेहामुळे काही फरक पडतो का? आणि खर्चाचंही सांगा.

मोगरा_७१

पपईच्या पानांचा रस सकाळ संध्याकाळ दोन दोन चमचे द्या, आमच्या शेजाऱ्यांच्या प्लेटलेट चार दिवसात २० हजारावरून दीड लाख झाल्या. सोबत गुळवेल काढा. ऑपरेशनची घाई नको.

लालपेशी

मोगराताई, रागावू नका, पण शेजाऱ्यांना डेंगी असणार. डेंगीत ताप उतरला की प्लेटलेट आपल्या आपण चढतात, रस प्या नाहीतर उसाचा रस प्या. इथे प्रश्न वेगळा आहे. आणि गुळवेल तर लिव्हर खराब असलेल्या माणसाला अजिबात नको, कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या ६ पेशंटची माहिती २०२१ मध्ये छापली होती, त्यावर आयुष मंत्रालयाशी वादही झाला, पण लिव्हर आधीच आजारी असताना ही परीक्षा आपल्या आईवर कोणी घ्यावी?

कृष्णाकाठ दादा, मी पॅथॉलॉजीची डॉक्टर आहे, तुमच्या आईची डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून निर्णय घेऊ नका, फक्त डॉक्टरांना काय विचारायचं ते कळावं म्हणून लिहिते.

पाणथरी ही रक्ताची चाळण. म्हाताऱ्या तांबड्या पेशी ती गाळून मोडीत काढते आणि काही जंतूंना पकडते. ठणठणीत माणसाची पाणथरी साधारण १५०-२०० ग्रॅमची, लांबी ११-१२ सेंटीमीटरपर्यंत, आणि तेवढ्यातसुद्धा अंगातल्या एक तृतीयांश प्लेटलेट तिच्यात मुक्कामाला असतात. लिव्हर कडक झालं की आतड्याकडून येणारं रक्त तुंबतं, ते मागे पाणथरीत साचतं, पाणथरी फुगते आणि मुक्कामाला असणाऱ्या प्लेटलेट वाढत जातात, खूप मोठ्या पाणथरीत तर ९० टक्क्यांपर्यंत. म्हणजे पुष्कळशा प्लेटलेट आहेत, पण गोदामात आहेत, बाजारात दिसत नाहीत. म्हणूनच अशा पेशंटला प्लेटलेटची पिशवी लावली तरी आकडा फारसा हलत नाही, तीही गोदामातच जाते. शिवाय प्लेटलेट बनवायचा हुकूम देणारं थ्रोम्बोपोएटिन नावाचं हार्मोन लिव्हरमध्ये तयार होतं, तेही कमी पडतं. तेव्हा "सगळा दोष पाणथरीचा, ती गेली की रोग गेला" हे तुमच्या आईच्या बाबतीत खरं नाही. रोग लिव्हरमध्ये आहे. पाणथरी ही धरणामागे फुगलेलं पाणी आहे.

त्यामुळे चाकू की नळी याच्या आधीचा प्रश्न विचारा: प्लेटलेट ४१ हजार असल्यामुळे आईला नक्की काय त्रास होतोय? हिरड्यांतून रक्त येतं का, अंगावर निळे डाग उठतात का, पांढऱ्या पेशी कमी म्हणून सारखे इन्फेक्शन होतात का, डाव्या बरगडीखाली सतत दुखतं का, दोन घास खाल्ले की पोट भरतं का? यातलं काहीच नसेल तर नुसता कागदावरचा आकडा सुधारायला कोणी पाणथरीला हात लावत नाही. आणि रक्ताची उलटी होते ती शिरांमधल्या दाबामुळे, प्लेटलेटच्या आकड्यामुळे नाही, त्याला इलाज बँडिंग आणि कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या.

अजून एक, दाढ ठणकते म्हणून आई काय घेतायत? ब्रूफेन, डायक्लोफेनॅक असलं काही असेल तर आजच बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. सिऱ्हॉसिसमध्ये या गोळ्या किडनी आणि पोट दोन्हीला महाग पडतात.

कृष्णाकाठ

डॉक्टर ताई, तुमचा मेसेज वाचून पळत जाऊन डबा बघितला. मेडिकलवाल्याने दिलेल्या डायक्लोच्या गोळ्या होत्या, पंधरा दिवस रोज दोन चालू होत्या. कोणीच विचारलं नव्हतं. बंद केल्या.

त्रास म्हणाल तर तसा काहीच नाही. दाढ सोडून.

घाटमाथा

माझ्या वडिलांचं एम्बोलायझेशन झालंय, त्यामुळे जे बघितलं ते सांगतो. वडिलांना हिपॅटायटिस सी होता, औषधांनी व्हायरस गेला पण लिव्हर आधीच कडक झालेलं. प्लेटलेट २६ हजार, नाकातून दर आठवड्याला रक्त, आणि लिव्हरमध्ये एक छोटी गाठ दिसत होती तिच्यावर पुढे इलाज करायचा होता, पण एवढ्या कमी प्लेटलेटवर कोणी सुई घालायला तयार नव्हतं. म्हणजे आमच्याकडे कारण होतं, नुसता आकडा नव्हता.

करायची पद्धत सोपी दिसते. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात, सर्जन नाही. भूल फक्त जांघेपुरती, माणूस जागा असतो. नळी पाणथरीच्या धमनीत नेतात आणि आतल्या फांद्यांमध्ये बारीक कण सोडतात, तेवढा भाग रक्ताविना मरतो. सगळी पाणथरी मारायची नसते, १९७० च्या दशकात आधी पूर्ण बंद करून बघायचे म्हणे, त्यात पू होऊन माणसं दगावली, मग १९७९ पासून थोडी थोडी, अँटिबायोटिकच्या आडोशाने करायला लागले. आमचे डॉक्टर ६० टक्के धरून चालले होते. पन्नासच्या खाली राहिलं तर प्लेटलेट परत खाली येतात, सत्तरच्या वर गेलं तर पू, पोटात पाणी, असल्या भानगडी वाढतात, असं त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. दीड तासात वडील बाहेर आले, हसत होते, मी आईला फोन केला झालं सगळं.

झालं कसलं. रात्रीपासून डाव्या बाजूला असं दुखायला लागलं की वडील, जे हाडं मोडली तरी बोलत नाहीत, ते कळवळत होते. दुसऱ्या दिवशी ताप १०२. ताप यायचाच, याला पोस्ट एम्बोलायझेशन सिंड्रोम म्हणतात, मेलेला भाग शरीर पचवतं त्याचा ताप. पण हे आधी नीट सांगायला हवं होतं ना, आम्हाला वाटलं गेलो. ताप अकरा दिवस टिकला. डाव्या फुप्फुसाखाली थोडं पाणी साचलं, ते आपलं आपण गेलं. हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस. "छोटीशी प्रोसिजर, तिसऱ्या दिवशी घरी" असं सांगितलं होतं.

आकडे सांगतो, वहीत लिहिलेले आहेत. आधी २६ हजार, तिसऱ्या दिवशी ५० च्या वर, पंधराव्या दिवशी १ लाख ३८ हजार. मग उतरायला लागले, सहा महिन्यांनी ९० हजार, दोन वर्षांनी ७१ हजार. पण नाकातून रक्त यायचं थांबलं ते थांबलंच, आणि मधल्या चांगल्या काळात गाठीवरचा इलाज उरकून घेतला. आमच्यासाठी वसूल.

शुगरचं विचारलंत, तर शिरा दिसाव्यात म्हणून डाय टाकतात ना, त्याचा किडनीवर भार येतो, म्हणून वडिलांची मेटफॉर्मिन दोन दिवस बंद ठेवली होती आणि आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघितलं. पेशंटची शुगर जास्त असेल तर पू व्हायची भीती वाढते असंही म्हणाले, ती आधी आटोक्यात आणा. खर्चाचं, कण स्वस्त असतात, धमनी बंद करायच्या तारेच्या कॉइल वापरल्या की बिल फुगतं, आधी विचारून ठेवा किती लागतील.

पंचगंगा_पलीकडे

घाटमाथा भाऊ, तुमच्या वडिलांना सलाम. आमची केस उलटी आहे, आमच्याकडे पाणथरी काढली आणि काढली तेच बरं झालं, पण कशी काढली त्यात गंमत आहे, म्हणून लिहितोय.

धाकट्या भावाचं लिव्हर एकदम चांगलं. पण लिव्हरकडे रक्त नेणारी मोठी शीर, पोर्टल व्हेन, लहानपणीच गुठळी होऊन बंद झालेली. बाळ असताना नाळेला इन्फेक्शन झालं होतं त्यातून असावं, नक्की कोणालाच सांगता आलं नाही. हा आजार आपल्याकडच्या पोरांमध्ये बराच आहे, ईएचपीव्हीओ म्हणतात. आठव्या वर्षी शाळेत रक्ताची उलटी, मग दर काही महिन्यांनी बँडिंग. सतराव्या वर्षी पाणथरी बेंबीच्या खाली आलेली, पोरगा वर्गात सगळ्यात बुटका, प्लेटलेट ३० हजार, क्रिकेट बंद, सायकल बंद, कारण पोटाला मार लागला तर पाणथरी फुटेल. आई त्याला लग्नातल्या गर्दीत सुद्धा नेत नसे.

आमच्या इथल्या एका सर्जननी तारीख दिली होती, पाणथरी काढायची, बस. ॲडमिशनच्या आदल्या दिवशी आमच्या आत्याच्या ओळखीने मुंबईला एका पोटाच्या सर्जनना फाईल दाखवली, ते फाईल बघून म्हणाले नुसती पाणथरी काढाल तर प्लेटलेट सुधारतील, पण शिरांमधला दाब कायमचा कसा उतरवणार? पाणथरीची शीर हीच तर आपली हुकमी वाट आहे, ती किडनीच्या शिरेला जोडली, म्हणजे शंट केला, की तुंबलेलं रक्त वळणाने निघून जातं. नुसती पाणथरी काढली की ती शीर गेली, पुढे शंट करायचा म्हटला तर जोडायला काही उरत नाही. मी तिथेच खुर्चीत बसलो, एक दिवसावर आलो होतो.

मग एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही केलं, पाणथरी काढली आणि शंट जोडला. दुर्बिणीतून नाही, पोट उघडून, सात तास. पाणथरी सव्वा किलो भरली. चार बाटल्या रक्त लागलं. दहा दिवस हॉस्पिटल, आणि प्लेटलेट उलट्या बाजूला गेल्या, आठवड्यात साडेनऊ लाख, मग गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि सारखी डॉपलर सोनोग्राफी. आता सहा वर्षं झाली, एकही उलटी नाही, बँडिंग नाही, दोन वर्षांत पाच इंच उंची वाढली, परवा ट्रॅक्टर चालवताना फोटो टाकलाय.

म्हणजे तुमच्या काकांचं एक घाव दोन तुकडे आमच्या घरात चाललं, पण भावाचं लिव्हर चांगलं होतं आणि वय सतरा होतं. तुमच्या आईचं तसं नाही.

झाडीपट्टी

मी चंद्रपूरकडला. इथं आमच्याकडं सिकल सेल, रक्ताचा जन्मजात आजार, घरोघरी हाय म्हटलं तरी चालते. भाचा सिकलचा. शहरातले डॉक्टर पुस्तकातलं सांगतात की सिकलमध्ये पाच सहा वर्षाचं पोरगं झालं की पाणथरी वाळून जाते, पण आमच्याकडच्या लेकरांची तशी वाळत नाही न, हिमोग्लोबिन एफ, बाळपणीचं हिमोग्लोबिन, जास्त असते म्हणून ती मोठी होऊन राहते, कॉलेजात गेलेल्या पोरांची पण हाताला लागते.

भाचा सात वर्षाचा असताना सकाळी खेळत होता, दुपारी पांढराफटक पडला, पोट टम्म. हिमोग्लोबिन ८ वरून ३ वर. सगळं रक्त पाणथरीत जाऊन बसलं होतं, सिक्वेस्ट्रेशन म्हणतात. रक्त चढवून वाचला. पाच महिन्यांनी परत तेच झालं. तेव्हा डॉक्टर म्हणाले आता तिसऱ्या वेळेची वाट नाही पाहायची, काढून टाका. काढली. नळीचं आम्ही विचारलंच नाही, अन् विचारून काय करणार होतो, जे ऑपरेशन झालं ते सरकारी दवाखान्यात, तिथं ते नव्हतंच. जन आरोग्य योजनेतून झालं, आरोग्यमित्र म्हणून एक माणूस बसलेला असते दवाखान्यात, त्याला पॅकेजमध्ये कायकाय बसते ते सरळ विचारून घ्या, लाजू नका.

मले सांगायचं हाय ते त्याच्या पुढचं. पाणथरी काढल्यावर आयुष्यभर ताप म्हणजे ताप नसते. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे लसी द्यायच्या असतात, न्यूमोकोकलची, मेनिंगोकोकलची अन् हिबची, मग परत बूस्टर, फ्लूची दरवर्षी. भाच्याले रोज दोन वेळा पेनिसिलीनची गोळी, सहा वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही, बहिणीने देवाच्या फोटोखाली डबी ठेवली हाय. १०० च्या वर ताप गेला की घरी ठेवलेल्या अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन सरळ गाडी काढायची, सकाळ होऊ द्या, पाहू, असं नाही. पाणथरी नसलेल्या माणसात न्यूमोकोकस नावाचा जंतू घुसला तर एका दिवसात माणूस जाते. मलेरियाचं पण तसंच, अन् आम्ही राहतो गडचिरोलीच्या कडेला, मच्छरदाणीशिवाय पोरगा झोपत नाही. कुत्रं चावलं तर रेबीजच्या सुईसोबत अँटिबायोटिक पण लागते, हे मले डॉक्टरने नाही, नर्सबाईने सांगितलं. खिशात चिठ्ठी असते, पाणथरी काढलेली आहे, लिहिलेली, मराठीत अन् इंग्रजीत.

हे सगळं जमत असेल तरच काढा म्हणतो. काढायचं काम दोन तासाचं, सांभाळायचं काम जन्माचं.

लालपेशी

झाडीपट्टी भाऊ, तुम्ही लिहिलंत तसं आम्ही डिस्चार्ज कार्डवर कधी लिहीत नाही. एवढंच जोडते की हा धोका पहिल्या दोन तीन वर्षांत सगळ्यात जास्त, लहान मुलांमध्ये अजून जास्त, म्हणून शक्य असेल तर पाच सहा वर्षांचं वय होईपर्यंत थांबतात. थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये पूर्वी सरसकट काढायचे, आता रक्ताची गरज वर्षाला वजनाच्या दर किलोमागे २००-२२० मिलीच्या वर जायला लागली की मगच विषय काढतात, कारण नंतर गुठळ्या आणि फुप्फुसातला दाब हे नवीन दुखणं मागे लागतं.

आता कृष्णाकाठ दादांच्या आईबद्दल, दोन्हींची तुलना करायचीच झाली तर. पाणथरी काढली तर प्लेटलेट हमखास चढतात आणि बहुतेक टिकतात, हे सर्जन साहेबांचं म्हणणं खोटं नाही. एम्बोलायझेशनमध्ये चढतात, मग काही उतरतात, घाटमाथांच्या वहीत दिसतंय तसं, आणि कधी दोन तीन वर्षांनी परत करावं लागतं. पण सिऱ्हॉसिसमध्ये पाणथरीभोवतीच्या शिरा द्राक्षांच्या घडासारख्या फुगलेल्या असतात, दुर्बिणीतून काढताना रक्तस्राव सुरू झाला तर पोट उघडावं लागतं, आणि नंतर पोर्टल व्हेनमध्ये गुठळी व्हायचं प्रमाण सिऱ्हॉसिसच्या पेशंटमध्ये चांगलंच मोठं आहे. एम्बोलायझेशननंतरही होऊ शकते, नाही असं नाही. उद्या दहा वर्षांनी आईंना लिव्हर ट्रान्सप्लांट लागलं तर ती बंद पडलेली शीर आणि पोटातली चिकटलेली आतडी सर्जनचा घाम काढतात. हे "उद्या" कोणी धरत नाही. एम्बोलायझेशनमध्ये पाणथरीचा तुकडा जिवंत राहतो, म्हणून जंतूंशी लढायचं काम थोडंफार चालू राहतं, तरी लसी आधी द्याव्यातच. कावीळ वाढलेली असेल किंवा पोटात पाणी असेल तर मात्र नळीवालं कामही धोक्याचं होतं, तुमच्या आईंना दोन्ही नाही.

पण मी परत तिथेच येते. दाढ काढायची आहे. एका दाढेसाठी पाणथरी?

पूर्वी ५० हजाराच्या खाली कोणी हात लावायचं नाही असा दंडक होता, आता लिव्हरचे डॉक्टर तेवढे कडक राहिले नाहीत, दाढ काढली ती जागा डोळ्यांना दिसते, दाबता येते, टाका घालता येतो. अगदीच हवं असेल तर थोडे दिवस प्लेटलेट वाढवणाऱ्या गोळ्या आल्यात, अवाट्रोम्बोपॅग वगैरे, सिऱ्हॉसिसच्या पेशंटला अशा प्रोसिजरच्या आधी देण्यासाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच कुटुंबातली एल्ट्रोम्बोपॅग यासाठी आधी वापरून बघितली होती, तो अभ्यास पोर्टल व्हेनमध्ये गुठळ्या झाल्या म्हणून मधेच थांबवावा लागला, तेव्हा मेडिकलमधून स्वतः आणू नका. लिव्हरच्या डॉक्टरांना, हेपॅटोलॉजिस्टना, हा एकच प्रश्न घेऊन भेटा. सर्जनकडे गेलात तर सर्जरी मिळणार आणि नळीवाल्याकडे गेलात तर नळी, त्यात त्यांचा दोष नाही.

मोगरा_७१

डॉक्टर ताई, मी रागावले नाही. पण माझे मिस्टर गुळवेल घेतात रोज. लिव्हर बरं आहे त्यांचं, तरी विचारू का डॉक्टरांना?

लालपेशी

विचारा. आणि एकदा एसजीपीटी, लिव्हरची रक्ततपासणी, बघून घ्या.

कृष्णाकाठ

मंडळी, सहा आठवड्यांनी येतोय, उशीर झाला, ऊस तोडणी चालू होती.

पुण्यातच दुसऱ्या एका लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवलं. पन्नाशीतल्या बाई होत्या, फाईल उलटसुलट बघून त्यांनी पहिला प्रश्न आईलाच विचारला, "तुम्हाला काय होतंय?" आई म्हणाली दाढ दुखते. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या पाणथरीला सध्या काही करायचं नाही, ना काढायची ना बंद करायची. कार्व्हेडिलॉल चालू केली, बँडिंग अजून एकदा झालं, शुगर उतरवायला सांगितली, वजन आठ किलो कमी करायचं लक्ष्य दिलं, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. न्यूमोकोकल आणि हिपॅटायटिस बीच्या लसी तरीही दिल्या, म्हणाल्या पुढे कधी गरज पडलीच तर तयार असलेलं बरं. मी एम्बोलायझेशनचं विचारलं, तर म्हणाल्या नाकातून रक्त यायला लागलं किंवा प्लेटलेट कमी म्हणून एखादा महत्त्वाचा इलाज अडला तर मीच तुम्हाला पाठवेन.

दाढ हॉस्पिटलमधल्या डेंटिस्टने काढली, ४४ हजार प्लेटलेटवर. गोळी वगैरे काही दिली नाही. टाका घातला, रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्सामिक ॲसिडचा बोळा दाबून धरायला लावला, दोन दिवस त्याच्याच गुळण्या. अर्धा तास रक्त पाझरलं आणि थांबलं. आई आदल्या रात्री झोपली नव्हती, मी पण नाही. आता डाव्या बाजूने शेंगदाणे खाते आणि विचारते की एवढ्याशा दाढेसाठी पुण्याच्या चार चकरा कशाला मारल्या.

काका अजून म्हणतायत काढून टाकायला हवी होती. त्यांना झाडीपट्टी भाऊंची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली, कुत्रं चावलं तर अँटिबायोटिक इथपर्यंत आलो तेव्हा उठून गोठ्यात गेले.

घाटमाथा, वडील कसे आहेत आता? आणि डॉक्टर ताई, ती ७१ हजारवाली वही बघून आईने पण एक वही केलीय, त्यात फक्त दोन रकाने, तारीख आणि शुगर. प्लेटलेटचा रकाना ठेवायचा का विचारत होती, मी म्हटलं राहू दे.

घाटमाथा

वडील बरे आहेत. परवाचा आकडा ६८. त्यांना सांगितला नाही, त्यांनी विचारलाही नाही, शेतात पाणी सोडायला गेले होते.